टिन व्हिसल: मोजक्या धून येतात, सेशनला जाऊन बसू का?

शिट्टीवाली
नमस्कार मंडळी. इथे आयरिश संगीताच्या नादी लागलेलं कुणी आहे का, माहीत नाही, तरी विचारते. मी डब्लिनला असते. इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळांत मुलांना टिन व्हिसल शिकवतात. लेकीच्या दप्तरातून ती घरी आली. लेकीचा उत्साह लवकरच मावळला आणि नाद मला लागला. लहानपणी पेटी शिकले होते, त्यामुळे सूर ओळखीचे आहेत. आता डी व्हिसलवर मोजक्या जिग आणि एखाददुसरी पोल्का (दोन्ही नाचाच्या धून) बरी वाजते. बरी म्हणजे घरात कुणी दार लावून घेत नाही इतपत.

घराजवळच्या पबमध्ये आठवड्यातून एकदा सेशन असतं. कोपऱ्यातलं एक टेबल, भोवती फिडल, कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी), फ्लूट आणि एक-दोन व्हिसल. स्टेज नाही, माइक नाही, समोर कागद नाहीत. एकजण सुरू करतो, बाकीचे शिरतात. मी जाऊन ऐकून आले. व्हिसल पर्समध्येच होती, बाहेर काढायचा धीर झाला नाही. तर प्रश्न असा: नवख्या माणसाने तिथे जाऊन बसावं का? की आधी वर्षभर घरी घासावं? आणि बसायचं तर रीतभात काय असते?

तिरका_कटाक्ष
तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करा. (हलके घ्या.)

अबोली
वाचतेय. पण टिन व्हिसल म्हणजे नेमकं काय? जत्रेत मिळते ती पिपाणी का?

कॉर्ककर
अबोली, पिपाणी नव्हे, पिपाणीला पत्ती असते. जत्रेत उभी धरून फुंकायची बासरी मिळते, त्या जातीची ही. धातूची बारीक नळी, सहा छिद्रं, तोंडाशी फट. फुंक त्या फटीतून जाऊन पुढच्या धारेवर आपटते आणि सूर निघतो. आडव्या बासरीसारखं ओठ बसवायला महिने घालवावे लागत नाहीत, पहिल्या दिवशीच आवाज येतो. १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, कोनी वेस्टन नावाच्या खेड्यात रॉबर्ट क्लार्कने पत्रा गुंडाळून अशा शिट्ट्या करायला सुरुवात केली आणि पुढे मँचेस्टरला बस्तान बसवलं. निमुळती नळी आणि तोंडात लाकडी ठोकळा असलेली क्लार्कची ती तऱ्हा आजही विकत मिळते. आयरिश भाषेत हिला फेडॉग स्टॉइन म्हणतात.

शिट्टीवाली, सेशनबद्दल रात्री सविस्तर लिहितो. ऑफिसात आहे.

माऊली_मिलवॉकी
ताई, विचार कसला करताय? जा आणि बसा! आपल्याकडे भजनी मंडळात नवा माणूस आला की त्याच्या हातात टाळ देतात, तसंच असणार. चुकत माकतच येतं.

कॉर्ककर
माऊली, नेमकी इथेच गल्लत होते. टाळ ठेक्यात पडला की झालं, त्याला चाल लागत नाही. सेशनमध्ये फिडल, फ्लूट, व्हिसल, सगळे तीच एक चाल वाजवत असतात. हार्मनी नाही, वाटून घेतलेले तुकडे नाहीत. अशात डी व्हिसलचा वरच्या सप्तकातला चुकीचा सूर सगळ्यांच्या डोक्यावरून पार काउंटरपर्यंत ऐकू जातो. फिडलवाला चुकला तर गर्दीत खपतो, व्हिसलवाला खपत नाही.

आता रीतभात. मी कॉर्कमध्ये बरीच वर्षं फ्लूट घेऊन जातो, सुरुवात व्हिसलवरच झाली.

जी धून येत नाही ती वाजवायची नाही. हा एकच नियम पाळला तरी लोक तुम्हाला सांभाळून घेतात. येत नसेल तर व्हिसल मांडीवर ठेवून ऐकायचं. शोधत शोधत, पुटपुटल्यासारखं बरोबर वाजवत राहणं हा इथला सगळ्यात मोठा अपराध, आणि नवखे नेमकं तेच करतात.

धून साधारण अशी असते: आठ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा तुकडा) एक भाग, तो दोनदा, मग आठ बारचा दुसरा भाग, तोही दोनदा. असे बत्तीस बार. अख्खी धून दोन-तीनदा झाली की न थांबता दुसऱ्या धुनेत उडी. दोन-तीन धून मिळून एक सेट होतो. उडी कुठे मारायची हे ज्याने सेट सुरू केला तो ठरवतो. भुवई उडवतो, पाय उचलतो, कधी 'हप्' करतो. त्याच्याकडे डोळे ठेवायचे.

टेबलाजवळच्या आतल्या खुर्च्या बहुतेक ठरलेल्या असतात. रिकामी दिसली म्हणून बसू नका, विचारा. रेकॉर्ड करायचं तरी विचारा. सेट संपला की गप्पा होतात आणि त्या लांबतात. तेवढ्यात आपली धून दामटायची नाही. कुणीतरी वळून 'तुझ्याकडे काही आहे का?' असं विचारतं. त्या वेळी तुमची सगळ्यात सोपी जिग स्वतःच्या गतीत सुरू करायची. गती तुमची असली की बाकीचे तुमच्यामागून येतात.

अबोली
वा, मस्त माहिती. एक भाबडा प्रश्न. पबमध्ये जायचं म्हणजे प्यावंच लागतं का?

कॉर्ककर
अजिबात नाही. आमच्या टेबलावर चहाची किटली असते. वाजवणाऱ्याला पिऊन रील (वेगवान नाचाची धून) जमत नाही, ऐकणाऱ्याचं काय ते त्याने बघावं.

वेणूवादी
थोडं विरोधी लिहितो, राग नसावा. मी बासरी वाजवतो. ही टिनची शिट्टी हातात घेऊन पाहिली आहे. मींड नाही, श्रुती नाहीत, फुंक जरा वाढली की सूर थेट वरच्या सप्तकात. खेळणं आहे हो. हाताशी बासरीसारखं वाद्य असताना मराठी माणसाने यात वेळ का घालवावा?

पांढरी_दोन
वेणूवादी, तुमच्यासारख्या बासरीवाल्याला तर हे आयतं हातात आहे. डी व्हिसलची सहाही छिद्रं बंद केली की डी येतो, म्हणजे पेटीवरची पांढरी दोन (माझं नाव उगाच नाही). तिथे सा धरला की एकेक बोट उचलत सरळ बिलावल. आता वरची तीन बंद ठेवून तिथे सा धरा. झाली पांढरी पाचची बासरी! सगळं बंद केलं की मंद्र पंचम, सगळं उघडलं की तीव्र मध्यम. तुमच्या बासरीचीच बोटं. आयरिश सेशनमधल्या बहुसंख्य धून याच दोन स्वरांवर, डी आणि जी वर बसलेल्या असतात, म्हणून एका डी व्हिसलवर अख्खी रात्र निघते.

आणि सगळं बिलावलच असतं असंही नाही. पांढरी तीनला सा मानून त्याच छिद्रांवर चढलात तर कोमल गंधार, कोमल निषाद मिळतात, म्हणजे काफी थाट. अशा रील ढिगाने आहेत. डी वरच कोमल निषाद लावला की खमाजाचे सूर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पेटीवर ताडून पाहिलं होतं.

वेणूवादी
बोटांचं गणित मान्य. मींडेचं काय?

पांढरी_दोन
छिद्रावरून बोट हळू सरकवलं की सूर घसरतो, तेही करतात. पण त्या संगीताची मजा मींडेत नाहीच. तिथे कट असतो, वरच्या छिद्रावरचं बोट क्षणभर उचलायचं. स्ट्राइक असतो, खालच्या छिद्रावर टपली मारायची. दोन्ही मिळून रोल: सूर, कट, सूर, स्ट्राइक, सूर, सगळं जिगच्या तीन मात्रांत. कट आणि स्ट्राइक स्वर म्हणून ऐकू यायला नकोत, नुसता झटका जाणवला पाहिजे. मुरकी घ्यायची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो, कारण तो प्रत्येक सूर गाऊन दाखवतो.

शिट्टीवाली
अगदी! माझा रोल म्हणजे खटका वाटतो असं इथल्या एका आजोबांनी सांगितलं. म्हणजे, 'छान आहे, पण प्रत्येक सुराची ओळख का करून देतेस?' असं म्हणाले.

शामराव_शिकागोकर
मोबाईलवरून लिहितोय, टायपो सांभाळून घ्या. नोटेशन बघून शिकावं की कानाने, हा मुद्दा कुणी काढला नाही, म्हणून मी काढतो. आमच्या गावच्या पोलीसप्रमुखाची गोष्ट. फ्रान्सिस ओनील, जन्म १८४८ चा, काउंटी कॉर्कमधल्या बँट्रीजवळचा. जहाजांवर भटकत अमेरिकेत आला आणि १९०१ मध्ये शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. स्वतः फ्लूट वाजवायचा. गावात आलेल्या आयरिश लोकांकडून त्याने धून गोळा केल्या आणि १९०३ मध्ये १८५० धुनांचा संग्रह छापला. १९०७ मध्ये नुसत्या नाचाच्या १००१ धून काढल्या. गंमत म्हणजे धून त्याच्या कानात, कागदावर उतरवणारा दुसराच: खात्यातलाच जेम्स ओनील. चांगला वाजवणारा कुणी कळला की त्याला पोलिसात नोकरी लावायचा असंही सांगतात.

तर माझं मत, कानाने शिका. कागदावर सगळ्या मात्रा सारख्या दिसतात. जिग कागदावर सहा अष्टमांश, पण वाजते तेव्हा तीनातली पहिली मात्रा जराशी लांबते आणि दुसरी आखडते. ते लिहिता येत नाही.

घटोत्कची
शामराव, सहा मात्रा, तीन-तीन. म्हणजे दादराच की.

शामराव_शिकागोकर
मात्रा तेवढ्याच, चाल वेगळी. जिगवर दादरा धरून पाहा, तबलजी समेवर विसावायला जाईल आणि जिग पुढे पळालेली असेल.

पांढरी_दोन
कानाने शिकायचं हे खरं, पण एबीसी नोटेशनला अगदीच मोडीत काढू नका. सुरांची नुसती इंग्रजी अक्षरं, कॅपिटल म्हणजे खालचं सप्तक, लहान लिपी म्हणजे वरचं. आपल्या वहीतल्या सारेगमसारखं साध्या ईमेलमध्येही मावतं. एखाद्या वळणावर अडलं की तेवढंच बघायचं आणि मिटवायचं. सेशनच्या टेबलावर मात्र कागद नको, तो ठेवला की तुम्ही ऐकणं सोडता.

माऊली_मिलवॉकी
ते टाळाचं मागे घेत नाही बरं का मी! सेशनमध्ये ठेका धरायला कुणी नसतं का?

कॉर्ककर
बोधरान असतो, बकऱ्याच्या कातड्याचा, डफासारखा उभा धरायचा. पण तो एका वेळी एकानेच वाजवायचा. दोन बोधरान सुरू झाले की फिडलवाले पेटीत फिडल ठेवायला लागतात. 'मला धून येत नाहीत, मी बोधरान घेतो' म्हणणाऱ्यांवर इथे जितके विनोद आहेत, तितके आपल्याकडे जावयावरही नसतील.

दक्षिण_वारा
जरा अवांतर. ही शिट्टी आयर्लंडची मक्तेदारी नाही. मी कामानिमित्त जोहान्सबर्गला होतो. १९५० च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतली पोरं अशीच स्वस्त शिट्टी घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर जॅझचा ढंग उचलून वाजवायची, तोच क्वेला. स्पोक्स मशियाने हा त्यातला मोठा वादक. व्हिसल तोंडात खोल घालून, थोडी तिरकी धरून वाजवायचे, त्याने आवाज गोल आणि जाड होतो. ऐका आणि मग खेळणं म्हणा.

वेणूवादी
ऐकलं. खेळणं हा शब्द मागे. पण आवाज चिरका आहे, एवढं म्हणण्याचा हक्क राखून ठेवतो.

कॉर्ककर
चिरका वाटत असेल तर लो व्हिसल ऐका, एक सप्तक खाली. तिची कथा तुम्हाला आवडेल. फिनबर फ्युरी नावाचा आयरिश वादक भारतीय बांबूची बासरी वाजवायचा. दौऱ्यात ती मोडली, दुरुस्त होईना. बर्नार्ड ओव्हरटन या इंग्रज कारागिराने धातूत तिची नक्कल करायचा प्रयत्न केला. १९७१ ची गोष्ट. त्यातून आजची लो व्हिसल निघाली. नाचाच्या मोठ्या शोंमध्ये धुक्यातून येतो ना, तो आवाज हाच. छिद्रं एकमेकांपासून इतकी लांब असतात की बोटांची टोकं पुरत नाहीत, मधल्या पेरांनी झाकावी लागतात. मोठी बासरी वाजवणाऱ्याला हे सांगायला नको.

वेणूवादी
हे माहीत नव्हतं. म्हणजे मूळ आमचंच!

तिरका_कटाक्ष
आलं. वाटच पाहत होतो. आता विमानही आमचंच.

अबोली
😂😂 वेणूवादी, इनो घ्या.

मला एक सांगा, ठाण्यात फ्लॅटमध्ये शिकायची झाली तर? आमच्या वरच्या काकू मिक्सर लावला तरी खाली येतात. आणि महागडी घ्यावी का?

पांढरी_दोन
महागडी मुळीच नको. इथे लोकांना व्हिसल गोळा करायचा आजार जडतो, धून दोन आणि शिट्ट्या वीस. मेरी बर्गिनने १९७९ च्या तबकडीत जे वाजवलंय, त्यावर व्हिसल शिकणाऱ्यांच्या पिढ्या पोसल्या. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या डूलिनचा मिको रसेल साधी शिट्टी आणि मोजके सूर घेऊन जगभर फिरला. त्याचं वाजवणं नवशिक्याने आधी ऐकावं. घाई नाही, नटवेपणा नाही, आणि धून स्वच्छ कळते.

स्वस्त शिट्टीचं प्लास्टिकचं डोकं कधीकधी फुसफुसतं. त्यावर घरगुती उपाय: पोस्टर चिकटवायचा तो चिकट गोळा असतो ना, त्याची चिमूट घेऊन डोक्याच्या आत, फुंकीच्या वाटेखाली जी पोकळी दिसते, ती काडीने भरायची. गोळा धारेसमोर येऊ द्यायचा नाही. वरचे सूर बरेच माणसाळतात. सूर पेटीशी जुळत नसेल तर डोकं गरम पाण्यात धरायचं, डिंक सुटतो, मग ते वरखाली सरकवता येतं. उकळतं पाणी नको, डोकं वाकडं होईल. शिट्टीचं म्हणतोय.

काकूंचं मात्र काही करता येणार नाही. दुपारी वाजवा, आणि खालच्या सप्तकातच रेंगाळा. खालचा डी हळुवार फुंकीलाच येतो.

घटोत्कची
थुंकी साचून आवाज बसतो त्याला काय करायचं? (लेकाच्या शिट्टीबद्दल विचारतेय, माझ्या नव्हे. बरं, माझ्याच.)

कॉर्ककर
ती थुंकी कमी आणि वाफ जास्त. थंड नळीत गरम श्वास गेला की पाणी धरतं. वाजवण्याआधी डोकं मुठीत धरून गरम करा. वाजवताना बंद झालीच तर धारेजवळची खिडकी बोटाने झाकून एकदा जोरात फुंका. भांडी घासायच्या लिक्विडचा पाणी घातलेला थेंब फटीतून सोडून वाळवला तरी फरक पडतो.

शिट्टीवाली
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देते. थेट त्या पबच्या सेशनला न जाता आधी स्लो सेशन शोधलं. तिथे ओळखीच्या धून मुद्दाम संथ वाजवतात, नवख्यांसाठीच असतं. शिक्षिका एक तुकडा वाजवते, सगळे परत वाजवतात, कागद कुणाकडेच नाही. शेजारी शाळकरी मुलगा होता, तो यंदा फ्लाच्या स्पर्धेची तयारी करतोय. फ्ला म्हणजे इथला संगीताचा मोठा वार्षिक मेळा, १९५१ मध्ये मलिंगारला सुरू झाला. वयाप्रमाणे गट असतात, व्हिसलची स्पर्धा वेगळी. त्या पोराची बोटं पाहून मी माझी व्हिसल पर्समध्ये ठेवणार होते. त्यानेच विचारलं, 'तुला केश जिग येते का?' ती येत होती. वाजवली.

पबच्या सेशनलाही जाऊन आले. कॉर्ककरांनी सांगितलं तसं विचारून बाहेरच्या रांगेत बसले. जास्त वेळ ऐकलंच. मधे सगळ्यांना येणारी एक पोल्का लागली तेव्हा शिरले, कुणी मान वळवून पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे बरं चाललंय, असं एक बाई नंतर म्हणाल्या.

माऊली_मिलवॉकी
म्हणजे जा आणि बसा, हेच खरं ठरलं ना?

कॉर्ककर
नाही हो. जा, विचारा, ऐका आणि मग बसा.

शिट्टीवाली
आता खरी अडचण. जी वरच्या धुनांत सी नॅचरल लागतो, म्हणजे जी ला सा धरला तर शुद्ध मध्यम. सगळी छिद्रं उघडली की सी शार्प येतो, म्हणजे तीव्र मध्यम. शिक्षिका म्हणाली वरचं छिद्र उघडं, पुढची दोन बंद, बाकी उघडी. माझ्या व्हिसलवर तो किंचित चढा लागतोय. काय करू?

वेणूवादी
बासरीत आम्ही वरचं छिद्र अर्धं दाबून शुद्ध मध्यम काढतो. तसाच काढा. हवा तसा अचूक लावता येतो.

कॉर्ककर
संथ एअरमध्ये (नाचाची नसलेली चाल) ठीक, पण रीलच्या वेगात अर्धं छिद्र सापडत नाही. शिक्षिकेचीच बोटं ठेवा. चढा वाटत असेल तर खालचं आणखी एखादं बोट ठेवून पाहा, प्रत्येक नळीचं वेगळं असतं. आणि अगदी पेटीबरहुकूम नसला तरी बिचकू नका. जुने पायपर (पाइप वाजवणारे) आणि व्हिसलवाले सी आणि सी शार्पच्या मधला सूर मुद्दाम लावायचे, काही धुनांत तोच गोड लागतो.

वेणूवादी
म्हणजे श्रुती आहेत की!